अर्धी हजामत

"कानामागं जरा ऱ्हायलंय बघ, दिगू."

हरिबातात्यांनी हे आरशाकडे न बघताच सांगितलं. त्यांच्या गळ्याभोवतीचं फडकं सोडायला मी हात लावला होता, तो तसाच राहिला. हे दर महिन्याचं होतं. मी मन लावून केस कापायचे, कल्ले जुळवायचे, मानेवरून वस्तरा फिरवायचा, आणि सगळं झालं की तात्यांनी कानामागं राहिल्याची तक्रार करायची. माझ्या हातचं कानामागं कधी राहत नाही. भादवणीत कुणालाही विचारा.

"तात्या, स्वतःच्या कानामागचं माणसाला दिसतं होय?"

"दिसत न्हाई. पर कळतं."

यावर माझा एक ठरलेला उपाय होता. मशीन त्यांच्या कानाजवळ न्यायचं आणि केसाला न लावता हवेतच दोनदा कटकट वाजवायचं. म्हातारा खूश. त्या दिवशीही मी तेच केलं. तात्यांनी समाधानानं मान हलवली.

एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. सत्तरी कधीच ओलांडली होती, तरी डोक्यावर पांढऱ्या केसांचं रान होतं. आणि ते कायम उघडं. वैशाखाच्या उन्हातसुद्धा टोपी नाही की रुमाल नाही. लग्नाकार्यात कुणी फेटा बांधायला आलं की हात जोडायचे. मला वाटायचं, केसांचा गर्व असेल. असा गर्व असलेलं गिऱ्हाईक न्हाव्याला आवडतंच.

तात्या खुर्चीतून उठतायत तोवर निकमसर दारात आले. हातात कागदाची मोठी गुंडाळी. सयाजीराव निकम म्हणजे कॉलेजचे निवृत्त प्राचार्य आणि आमच्या दुकानाचं संग्रहालय करायला निघालेल्या समितीचे अध्यक्ष. माणूस भला. खादीचा सदरा, कुणालाही अहो-जाहो, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात.

"बरं झालं, दोघंही आहात," ते म्हणाले. "चित्र तयार झालंय. कोल्हापूरच्या चित्रकाराकडून करून घेतलं. हेच मोठं करून त्या भिंतीवर रंगवायचं."

आमच्या दुकानाचं संग्रहालय कशासाठी, तेही सांगायला हवं. सन अठ्ठावन्नपर्यंत भादवणीत महारवाड्यातल्या माणसाचे केस न्हावी कापत नसे. म्हशी भादरायचे, माणसं नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला होता, पण त्याला आमच्या गावाची वाट सापडली नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्या वस्तीतली पोरं रोज सकाळी येऊन आमच्या 'प्रभात हेअर कटिंग सलून'च्या बाकावर बसायला लागली. आमचा नंबर आला की सांगा, म्हणायची. नंबर येत नसे. दिवस मावळला की उठून जायची आणि दुसऱ्या सकाळी परत हजर. मग एका बाजारच्या दिवशी हरिबा ओव्हाळ नावाचा त्यांतला एक जण सरळ खुर्चीत जाऊन बसला आणि माझ्या वडिलांनी, रंगनाथ काशीद ऊर्फ आण्णा यांनी, त्याचे केस कापले. तीच ही खुर्ची, मिरजेहून बैलगाडीतून आणलेली, लोखंडी पायाची. गावानं वडिलांवर बहिष्कार टाकला, पण ते डगमगले नाहीत.

ही गोष्ट मी आईकडून ऐकली होती. ती घडली तेव्हा मी तिच्या पोटात होतो. आण्णा स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मोठी माणसं आपल्या तोंडानं आपली थोरवी सांगत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. मला माझ्या बापाचा फार अभिमान होता. सर जेव्हा म्हणाले की दुकान समितीला द्या, एस.टी. स्टँडजवळ तुम्हाला नवा गाळा मिळवून देतो आणि भिंतीवर तुमच्या वडिलांचं नाव लावतो, तेव्हा मी गाळ्याचं ऐकलंसुद्धा नव्हतं. नावाला हो म्हणालो होतो.

सरांनी चित्र बाकावर पसरलं. आण्णा छाती काढून उभे, हातात मशीन. खुर्चीत तरुण हरिबा, केसांचा झकास भांग पाडलेला. दोघंही दूर कुठंतरी बघतायत. आणि दारात टाळ्या वाजवणारं गाव.

मला गहिवरून आलं. आण्णांचं नाक अगदी हुबेहूब जमलं होतं.

तात्या वाकून बघत होते. "ह्यो खुर्चीतला कोण?"

"तुम्हीच की, तात्या!"

"डोस्कं चुकलंय."

"भांग दुसऱ्या बाजूला होता का? तो बदलता येईल."

"अर्धं हुतं," तात्या म्हणाले. "हिकडची बाजू सफाचट अन् हिकडं रान. तसं काढाया सांगा."

 सरांनी चित्राची गुंडाळी करायला घेतली, ती नीट होईना, म्हणून परत सोडली आणि परत केली. "ते आपण समितीत बघू," असं म्हणून निघून गेले. त्यांना नवल कसं वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

"तात्या, अर्धं म्हणजे काय?"

"उद्या घराकडं ये," ते म्हणाले. "हितं नगं. हितं तुझ्या बाचा फोटो हाय."

*

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी त्यांच्याकडे गेलो. तात्या अंगणात टेबलफॅन उघडून बसले होते. मान वर न करता त्यांनी मला बस म्हणून खूण केली आणि पाती पुसता पुसता सांगायला लागले.

"त्या दिशी मी खुर्चीत बसलो. तुझा बा नुसता बघत ऱ्हायला. मी म्हनलं, रंगबा, खुर्चीत बसल्यालं गिऱ्हाईक हाय मी, काय करायचं त्ये कर. तुझ्या बाचा हात असा थरथरत हुता. पर मशीन लावलं त्यानं. मानंपास्नं वर घेतलं, ही बाजू सगळी काढली. काय हात हुता त्येचा! भीतीनं थरथरत हुता, तरी केस न्हाई वडला."

"मग?"

"मग दारात सावली आली. दौलतराव पाटील."

 तेव्हाचे गावचे पाटील दौलतराव निकम म्हणजे आमच्या निकमसरांचे आजोबा. सरांना नवल का वाटलं नव्हतं, ते आता कळलं.

"मागं धा-पंधरा मानसं. टाळ्या वाजवत नव्हती ती. पाटील आत बी आला न्हाई. उंबऱ्याच्या भायेरनंच म्हनला, 'रंगा, मशीन खाली ठेव.' बास. शिवी न्हाई, काय न्हाई. तुझ्या बानं ठेवलं."

तात्यांनी एक पातं उजेडाकडे धरून पाहिलं.

"मी उठलो. फडकं काढून घडी घातली, त्येच्या हातात दिली अन् भायेर आलो. अर्धं डोस्कं घेऊन. समदा बाजार भरल्याला. अशी हसली मानसं, दिगू, अशी हसली! बिनपाण्यानं झाली म्हनली. वस्तीत आलो तर आमचीच पोरं कातर घेऊन आली. म्हनली, चल, सारखं करून देतो. म्या म्हनलं, हात लावू नका. ज्यानं अर्धी केली त्यानंच पुरी कराची, अन् त्याच खुर्चीत कराची. आय म्हनली, टोपी तरी घाल. न्हाई घातली. तसाच हिंडलो. बाजारात, चावडीवर, तालुक्याच्या कचेरीत. पयले काय दिस लोक हसायचे. मग कमी हसाया लागले. मग माझ्याकडं बघायचंच बंद झाले. हसनाऱ्याला बी कधीतरी कळतंच की, आपन कशाला हसतूय त्ये."

"आणि आण्णा?"

"त्यो मला बघितलं की गल्ली बदलायचा. म्या बी मुद्दाम दुकानापुढनं जायाचा. दिसातनं चार येळा. तुझी आय पोटुशी, अन् ह्यो जेवंना, झोपंना. एक दिस भर दुपारी दुकानातनं पळत आला अन् माझं मनगाट धरलं. म्हनला, हरिबा, चल, बस. तुझ्या पाया पडतो, चल." तात्या हसले. "तुमी म्हनता समता अन् काय काय. तसलं काय डोस्क्यात नव्हतं त्याच्या. त्याला त्याचं अर्धं काम बघवंना. न्हाव्याची जात. आपल्या हातची अर्धी हजामत गावभर हिंडतीया, ह्येच त्याला सोसंना."

न्हाव्याचा उकिरडा उकरला की केसच निघायचे, म्हणतात. मी उकरायला गेलोच नव्हतो, तरी निघाले. 

"आण्णांनी घाबरून मशीन खाली ठेवलं, हे भिंतीवर रंगवायचं?"

"व्हय."

"आणि माझ्या नातवंडांनी येऊन बघायचं? आपला पणजा भेकड होता म्हणून?"

"भेकडच हुता त्यो. म्या बी हुतो. माझी बी पाचावर धारन बसल्याली. त्या दिशी तिथं न भ्यालेला मानूस एकच हुता, अन् त्यो उंबऱ्याभायेर हुता." पुढचं त्यांनी मेकॅनिकनं वाहनातला बिघाड सांगावा तसं सांगितलं. "पुरी केल्यावर काय झालं, ठावं हाय न्हवं? गावानं तुमचं बलुतं बंद केलं. दुकानात कुत्रं फिरकंना. तरी त्यो आमची डोस्की कापत ऱ्हायला. आता अर्धी न्हाई दावली, तर ह्या पुरीला काय किंमत, सांग की?"

 मी चहा यायच्या आत उठलो आणि चपला घालून निघालो.

*

समितीची बैठक झाली तीत तात्यांनी आपली मागणी मांडली. चार वाक्यांत मांडली. सर म्हणाले, आपल्याला जोडायचंय, तोडायचं नाही. जुनी कटुता नव्या पिढीच्या डोळ्यांसमोर कशाला? बाकीच्यांनी माना हलवल्या. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "दिगंबरराव, शेवटी वडील तुमचे. तुम्ही सांगा."

"माझ्या वडिलांचं अर्धं काम भिंतीवर नको," मी म्हणालो. "पूर्ण केलं ना त्यांनी? मग पूर्णच दाखवा."

तात्या माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. हात वळतोय का, हे बघताना आण्णा माझ्याकडे असेच बघायचे.

"बरं," ते म्हणाले. "मग माझं मी बघतो."

चित्र रंगवून झालं. भिंती धुतल्या, बाकाला पॉलिश केलं. आण्णांचं जुनं मशीन, वस्तरा आणि पितळी वाटी काचेच्या पेटीत गेली. खुर्चीभोवती लाल दोर लावायचं ठरलं. उद्घाटनाला जिल्ह्यावरून पाहुणे येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी जुन्या दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक म्हणून तात्या आले. खरं तर महिना भरायचा होता अजून.

"उद्याला डोस्कं नीट पायजे," म्हणून खुर्चीत बसले.

माझा राग तोवर निम्मा ओसरला होता. शेवटची हजामत आहे, मन लावून करू, असं ठरवून मी फडकं बांधलं. तात्या म्हणाले, बारीक कर. मी मशीन लावलं. मानेपासून वर घेतलं, कानावरून वळवलं, डावी बाजू पार उतरवली. पांढरे केस फडक्यावर पडत होते. उजवीकडे जायला मी खुर्ची फिरवणार, तोच तात्यांनी हात वर केला.

"बास."

"काय झालं? लागलं का?"

"न्हाई. बास झालं." त्यांनी स्वतःच फडक्याची गाठ सोडली, केस झटकले, फडक्याची चौघडी घातली आणि माझ्या हातात दिली. मला काही उमगायच्या आत ते उंबरा ओलांडून रस्त्याला लागले होते.

मी मशीन हातात घेऊन मागे धावलो. "तात्या! अहो, अर्धी राहिलीय! या माघारी!"

"उद्या," ते म्हणाले आणि बाजाराकडे वळले.

एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसरीकडे पांढरं रान. वर टोपी नाही. असा तो म्हातारा सावकाश, दोन्ही हात पाठीमागे बांधून, भाजीवाल्यांच्या मधून चालत गेला. मी रस्त्यात उभा. पानपट्टीवाला ओरडला, "दिगू, नव्या गाळ्याची जाहिरात काय रं ही?" कापडदुकानाच्या पायरीवरून दुसरा म्हणाला, "एका बाजूचा काय भाव लावलास?" अख्खा बाजार फिदीफिदी हसला. मी आत येऊन बाकावर बसलो.

हे असं असतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. माझ्या हातून आजवर कुणाला चुकून लागलं असेल, कुणाची मिशी कमी-जास्त झाली असेल. पण अर्धं सोडलेलं काम माझ्या नावानं गावात चालत फिरतंय, हे पहिल्यांदाच. घरी गेलो. बायकोनं, कुसुमनं, ताट वाढलं, त्याला हात लावला नाही. ती म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, भूक नाही. अंथरुणावर पडलो तर डोळ्यांपुढे ते डोकं. हातच स्वस्थ बसेनात. बोटं आपोआप मशीन चालवल्यासारखी हलत होती. आण्णांनी असे किती दिवस काढले असतील, कोण जाणे. मी एकातच अर्धमेला झालो होतो.

*

सकाळी संग्रहालयापुढे मांडव, रांगोळी, सनई. पाहुण्यांच्या गाड्या वाटेत होत्या. आणि पहिल्या रांगेत, सत्कारमूर्तीच्या खुर्चीवर, हरिबातात्या. इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि डोकं कालच्यासारखंच.

कार्यकर्ते फेटा घेऊन त्यांच्याभोवती घोटाळत होते. आमच्याकडे सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि फेटा. फेट्याशिवाय फोटो निघत नाही. तात्या हात जोडून सगळ्यांना एकच सांगत होते, "डोस्क्याला कायबी बांधू नगा."

सर घामाघूम होऊन माझ्याकडे आले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती.

"दिगंबरराव, काहीतरी करा. तुमचं ऐकतील ते. पाहुणे काय म्हणतील? निदान फेटा तरी बांधून घ्या म्हणावं."

"फेटा कशाला, सर? केसच कापतो की."

"कापा! ताबडतोब कापा!" ते म्हणाले. "तुमच्या नव्या गाळ्यात घेऊन जा, गाडी देतो."

मी तात्यांपुढे जाऊन उभा राहिलो. "चला, तात्या. पुरी करू."

"कुठं?"

मी संग्रहालयाकडे बोट केलं. तात्या उठले.

आत अजून कुणी नव्हतं. फिनेलचा आणि ताज्या रंगाचा वास. भिंतीवर आण्णा छाती काढून उभे. खुर्चीभोवती लाल दोर, आणि दोराला पाटी, 'कृपया वस्तूंना हात लावू नये'. तात्या दोरापाशी थबकले. त्यांनी पाटी वाचली, मग बाकाकडे पाहिलं.

"परत नंबर लावू का रं?" ते म्हणाले.

मी दोर हुकातून काढला आणि बाजूला टाकला. तात्या खुर्चीत बसले. मी त्यांच्याभोवती फडकं बांधलं आणि पिशवीतून माझं मशीन काढलं. उजव्या बाजूला पहिला हात लावला तोच उजेड कमी झाला. दारात सर उभे होते. मागे कार्यकर्ते, कॅमेरेवाले, फेटा हातात घेतलेला एक जण.

"दिगंबरराव, अहो, हे काय! त्या खुर्चीवर नाही बसायचं आता." सरांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी तो कधी चढवलाच नाही. "ती ऐतिहासिक वस्तू आहे. केस सांडतायत सगळीकडे. पाहुणे वेशीपाशी आलेत. कृपा करा, मशीन खाली ठेवा."

खुर्चीतले तात्या हलले नाहीत. आरशातून माझ्याकडे बघत होते. सरांनाही आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

माझा हात थरथरला, हे मी नाकारत नाही. दारात एवढी माणसं, सगळी शिकलेली, सगळी ओळखीची, आणि सरांनी तर माझ्यावर उपकारच केले होते. मशीन खाली ठेवणं किती सोपं आहे, ते मला त्या क्षणी कळलं. बाजूला फळी असते, तिच्यावर हात आपोआप जातो. आण्णांचा मला राग आला होता, तो तिथं उभ्या उभ्या गेला.

"सर," मी म्हणालो, "गिऱ्हाईक खुर्चीत आहे."

आणि मशीन चालू ठेवलं. दोन्ही बाजू जुळवल्या. कल्ले सारखे केले. मानेवर पाणी लावून वस्तरा फिरवला.  बाहेर सनई थांबली, म्हणजे पाहुणे आले असावेत, पण दारातलं कुणी हललं नाही. मध्येच एकदा मी आरशात पाहिलं तर सर आत आले होते. ते बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, नंबर यायची वाट बघत असल्यासारखे. आणि समोरच्या चित्राकडे बघत होते.

"हे दारातले लोक," ते हळूच म्हणाले, "टाळ्या वाजवत नव्हते. आजोबांनी मला सांगितलं होतं. मरायच्या आधी." मग म्हणाले, "चित्रकाराला परत बोलावतो मी."

ते चित्र नंतर बदललं. आता तुम्ही भादवणीला गेलात तर भिंतीवर अर्धं डोकंच दिसेल, आणि दारातल्या माणसांचे हात खाली. आण्णांचा हात फळीवर ठेवलेल्या मशीनवर आहे. ठेवतायत की उचलतायत, ते चित्रकारानं बघणाऱ्यावर सोडलंय. पण हे पुढचं. त्या सकाळी मी काम संपवलं, छोटा आरसा घेतला आणि तात्यांच्या मागे धरला, म्हणजे त्यांना मान दिसावी.

तात्यांनी आरशात एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं बघितलं. हात फिरवून बघितला.

"दिगू," ते म्हणाले, "तुझ्या बानं पुरी केली तवा म्या त्याला काय म्हनालो, ठावं हाय?"

"आभार मानले असतील."

"आभार? तसला इचार आल्ता मनात.  पर म्या बाकावर बसून रोज बघायचो न्हवं, गिऱ्हाईकं काय करत्यात त्ये. आभार कुनीच मानत न्हाई. पाटील बी उठताना काय ना काय खोड काढायचाच. म्हनलं, आपन बी गिऱ्हाईक हाय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "म्या म्हनलं, रंगबा, कानामागं जरा ऱ्हायलंय. तुझा बा बघतच ऱ्हायला. मग असा हसला, असा हसला, की बाकावरच बसला. म्हनला, हात लेका, तू बी गिऱ्हाईकच निघालास! अन् उठून परत मशीन घेतलं."

 पन्नास-पंचावन्न वर्षं दर महिन्याला, आधी आण्णांना, मग मला. आणि मी हवेत कटकट वाजवत होतो.

मी फडक्याची गाठ सोडायला हात घातला. तात्यांनी तो अडवला. आरशाकडे न बघताच ते म्हणाले,

"कानामागं जरा ऱ्हायलंय बघ."

काहीही राहिलेलं नव्हतं. मी मशीन घेतलं आणि त्यांच्या कानामागून नीट, केसाला लावून फिरवलं. या बाजूनं, आणि त्या बाजूनंही.